अराज्यवाद, चरीचा संप आणि आपली गावकी

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

किनाऱ्यावरील प्रकल्पांना होणाऱ्या विरोधाविषयी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आलेल्या अग्रलेखाने आंदोलक गावकऱ्यांना ‘अराजकवादी’ ठरवले आणि त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घटना समितीतील भाषणाचा आधार घेतला. एखादा प्रकल्प यावा की न यावा, हा या पत्राचा विषय नाही. त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. मात्र ज्या विचारपरंपरेचे नाव घेऊन गावकऱ्यांना गप्प बसवले जाते, ती कष्टकऱ्यांच्या, स्त्रियांच्या आणि पारतंत्र्यातल्या देशांच्या लढ्यांत किती खोलवर मिसळलेली आहे, आणि तिने विचारलेले प्रश्न कोकणातल्या माणसाने तिचे नावही न ऐकता कसे विचारले आहेत, हे वाचकांसमोर मांडणे मला अगत्याचे वाटते. पत्र लांबले आहे, तरी ते न कापता छापावे, ही विनंती.

आधी बाबासाहेबांच्या भाषणाविषयी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी रक्तरंजित क्रांतीबरोबरच कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्गही आता सोडून द्यावेत असे सांगितले आणि या मार्गांना ‘अराजकाचे व्याकरण’ म्हटले, हे खरेच आहे. पण त्याच ठिकाणी त्यांनी असेही सांगितले की सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठण्यासाठी सनदशीर मार्गच उरला नव्हता, तेव्हा असनदशीर मार्गांना पुष्कळ समर्थन होते. सनदशीर मार्ग खुले असताना मात्र ते राहत नाही. ही अट गाळून उरलेले वाक्य उद्धृत करणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, हा इशाराही त्याच भाषणात आहे. शिवाय हे बोलणाऱ्या माणसाने महाडला काय केले होते, ते कोकणातल्या वर्तमानपत्राने तरी विसरू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी माणसे चालत चवदार तळ्यापर्यंत गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हाच त्या ठरावांना अर्थ आला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला त्यानंतर १९३७ साल उजाडले.

आता ज्याला अराज्यवाद (इंग्रजीत ‘ॲनार्किझम’, अग्रलेखाच्या शब्दांत ‘अराजकवाद’) म्हणतात, त्या विचाराकडे वळतो. राजा, सरकार, मालक, धर्मगुरू किंवा घरातला कर्ता पुरुष, जो कोणी दुसऱ्यावर हुकूम चालवतो त्याने त्या हुकुमाचे समर्थन करून दाखवावे. ते करता येत नसेल तर तो हुकूम मानू नये, आणि माणसांनी बरोबरीच्या नात्याने, आपसांत ठरवून, खालून वर अशा संघटनांमधून आपले व्यवहार चालवावेत, हा त्याचा गाभा आहे. फ्रेंच विचारवंत प्रूदाँने १८४० साली स्वतःला उघडपणे या मताचा म्हणवून घेतले. रशियन क्रांतिकारक बाकुनिन आणि मार्क्स यांचे १८७२ साली कायमचे फाटले, त्यामागे बाकुनिनची ही शंका होती की क्रांतीनंतर कामगारांच्या नावाने उभे राहिलेले राज्यही कामगारांच्याच डोक्यावर बसेल. पुढच्या शतकात रशियात जे घडले ते पाहिल्यावर ती शंका खोटी होती असे कोण म्हणेल?

या विचाराच्या नावाने बॉम्ब आणि पिस्तूल हाती घेणारेही झाले. अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांचा १९०१ साली खून करणारा तरुण स्वतःला याच मताचा म्हणवत होता. तो मार्ग मला सर्वस्वी अमान्य आहे आणि त्याने या विचाराची जेवढी हानी केली तेवढी कोणत्याही सरकारने केली नाही. परंतु त्यावरून सगळी परंपरा निकालात काढायची असेल, तर १ मे रोजी सुट्टी घेण्यापूर्वी आपण क्षणभर थांबले पाहिजे. आपण त्या दिवशी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन करतो, पण जगभर तो कामगार दिन आहे आणि त्याचे मूळ शिकागोत आठ तासांच्या कामासाठी १८८६ मध्ये झालेल्या संपात आहे. त्या वेळी हेमार्केट चौकातील सभेत बॉम्ब पडला. तो कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही, तरी आठ अराज्यवादी कार्यकर्त्यांना दोषी धरण्यात आले आणि त्यांपैकी चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आली. तुरुंगात उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी खटलाच अन्यायाचा होता असे सांगून मुक्त केले. आज कारखान्यात, बँकेत, कचेरीत आठ तासांनी उठणारा प्रत्येक जण त्या माणसांचा ऋणी आहे.

आपल्या स्वातंत्र्यलढ्याशीही या विचाराचा संबंध जवळचा होता. गदर चळवळीचे लाला हरदयाळ अमेरिकेत या वर्तुळात वावरत होते. भगतसिंगांनी १९२८ मध्ये ‘किरती’ मासिकात या विषयावर लेखमाला लिहिली. मद्रासचे एम. पी. टी. आचार्य १९२० साली ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते. पुढे त्या पक्षाशी पटेनासे झाल्यावर ते उरलेले आयुष्य अराज्यवादी म्हणून जगले आणि १९५४ मध्ये मुंबईत हलाखीत वारले, पण महाराष्ट्रात त्यांचे नाव आज कोणाला ठाऊक आहे? गांधीजींनी १९१६ साली बनारसच्या भाषणात आपणही एका निराळ्या प्रकारचे अराज्यवादी आहोत असे सांगितले होते. आणि शासनमुक्त समाजाची कल्पना आयुष्यभर मांडणारे विनोबा तर आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. विनोबांविषयी मला नितांत आदर आहे, तरी जमीनमालकाच्या हृदयपरिवर्तनावर त्यांनी जेवढी भिस्त ठेवली तेवढी ठेवण्याजोगा अनुभव कोकणातल्या कुळांना कधीच आला नव्हता.

तो अनुभव चरीच्या संपात दिसतो. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या अशा २५ गावांतल्या कुळांनी खोतांच्या, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या वतनदार जमीनदारांच्या, जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले आणि ते १९३९ पर्यंत निभावून नेले. सहा पावसाळे भातखाचरे पड राहिली. ज्यांचे सारे पोट त्या खाचरांवर होते त्यांनीच नांगर खाली ठेवला होता. आमच्या घरात या संपाच्या आठवणी आजीकडून आल्या: घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून कशी गेली, बायका पहाटे डोंगरावर जाऊन लाकडे तोडून ती मोळी अलिबागच्या बाजारात कशी विकत, आणि ज्या घरात थोडे भात शिल्लक असे ते घर दुसऱ्याला पायलीने मोजून देताना परतफेडीचा शब्दही कसा काढत नसे. वरून हुकूम देणारा तिथे कोणी नव्हता. गावोगावच्या बैठकांत ठरत असे आणि ठरलेले पाळले जात असे. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले, १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. पुढे कूळकायदा झाला आणि १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदाही झाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कायदा शेवटी सरकारनेच केला, हे मान्य. पण सहा वर्षे उपाशी राहून एकमेकांना तगवणारी २५ गावे नसती, तर तो कायदा करण्याची निकड सरकारला कधी वाटली असती?

रशियन भूगोलतज्ज्ञ क्रोपोटकिन याने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या परस्पर साहाय्यावरील ग्रंथात हेच सांगितले आहे. डार्विनच्या नावाने ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा कायदा ठरवणाऱ्यांना त्याने पशुपक्ष्यांपासून ग्रामसमाजांपर्यंतचे दाखले देऊन उत्तर दिले आणि सहकार्य हेही जगण्याचे तितकेच मोठे साधन आहे हे दाखवले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या खलाशांना वाचवण्यासाठी स्वेच्छेने होड्या लोटणाऱ्या माणसांचा दाखला त्याने दिला आहे. नौका वेळेवर परतली नाही की कोणाच्या आदेशाची वाट न पाहता शोधाला निघणाऱ्या आपल्या मच्छीमारांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

सिंधुदुर्गातली रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी ती अवश्य पाहावी. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडले जाते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन रांगा ओढत आणतात. मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर मी ही ओढ आणि नंतरची वाटणी उभे राहून पाहिली आहे. मासळीचा लिलाव तिथेच वाळूवर झाला, होडीचा आणि जाळ्याचा वाटा आधी बाजूला काढला गेला आणि मग ओढणाऱ्यांचे वाटे पडले. दोराला हात लावायला धावून आलेल्या शाळकरी पोरालाही मूठभर तारली मिळाली, आणि तापाने घरी पडलेल्या एका म्हाताऱ्या रापणकराचा वाटा कोणी आठवण करून न देताच वेगळा ठेवला गेला. दोर ओढणाऱ्यांपैकी कोणी कोणाचा नोकर नव्हता.

पण इथेच अराज्यवादी विचारापुढचा सर्वांत अवघड प्रश्नही उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. तारली-बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागण्यापूर्वीच यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्याने तो घेरून नेतात, तेव्हा रापणकर काय करतात? ते सरकारकडे जातात. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याची अंमलबजावणी करा, गस्ती नौका पाठवा, असे ते सांगतात, आणि त्यांचे ते मागणे रास्तच आहे. राज्यसंस्था नको म्हणणाऱ्यांनी हे समजून घेतले पाहिजे की भांडवलाच्या तडाख्यात सापडलेल्या दुबळ्या माणसाला कायद्याची ढाल लागते, आणि ती उद्याच टाकून द्या असे त्याला सांगणे म्हणजे त्याला उघड्यावर टाकणे होय. माझ्या मते या विचाराचे खरे मोल राज्यसंस्था रातोरात नाहीशी करण्यात नाही. कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे, तो कोणाला विचारून केला आणि त्याचा जाब खालचा माणूस मागू शकतो की नाही, हे सतत विचारत राहण्यात आहे.

हाच प्रश्न सरकारला विचारायचा आणि गावकीला विचारायचा नाही, हे मात्र चालणार नाही. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे मेंढा-लेखाचे वाक्य कोकणातल्या आंदोलनांतही ऐकू येते. गडचिरोलीतल्या त्या गावाने ते सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून कमावले आहे. आपल्याकडच्या किती गावांना ते म्हणण्याचा अधिकार आहे? रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत कुटुंबांना वाळीत टाकण्याचे प्रकार इतके वाढले की विधिमंडळाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. कोणी जातीबाहेर लग्न केले, कोणी जमिनीच्या वादात गावकीचा निवाडा न मानता कोर्टात गेला, कोणी निवडणुकीला उभा राहिला, एवढी कारणे पुरतात. मग दुकानदार वाणसामान देत नाही, गिरणीवाला भात भरडून देत नाही, बोलणाऱ्याला दंड होतो, आणि मयत झाले तरी खांदा द्यायला माणूस येत नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी दक्षिण रायगडात होतो, तेव्हाचा एक शिमगा मला विसरता येत नाही. पालखी घरोघर फिरत होती. वाळीत टाकलेल्या एका घरच्या बाईने अंगण सारवून, पाट मांडून, ओटीचे तबक हातात घेऊन दारात उभे राहण्याचे धाडस केले होते. पालखी त्या अंगणाशी थबकलीसुद्धा नाही, आणि माझ्या वर्गातली त्या घरची मुलगी आईच्या पदराआडून आपल्याच मैत्रिणींना ढोलामागून पुढे जाताना पाहत होती. त्या गावात सरकारी अंमलदार महिनोन्महिने फिरकत नसे. राज्यसंस्था जवळजवळ नव्हतीच, तरी त्या बाईला तिळमात्र स्वातंत्र्य नव्हते. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे, असे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले तेव्हा अनेक सभासद दुखावले होते. मला त्या अंगणात त्यांचे म्हणणे पटले. कूळकायद्याने खोत गेला, पण कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या अजून दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर उभ्या आहेत आणि गावाच्या बैठकीत त्यांना कोणी बोलावत नाही. मानकऱ्यांचा हुकूम हा तहसीलदाराच्या हुकुमाइतकाच हुकूम आहे, आणि अराज्यवादी विचाराने त्याचेही समर्थन तितक्याच कठोरपणे मागितले पाहिजे.

या परंपरेतल्या स्त्रियांनी हे सर्वांत आधी ओळखले होते. एमा गोल्डमन हिला १९१६ मध्ये अमेरिकेत अटक झाली ती बॉम्बसाठी नाही, संततिनियमनावर उघड व्याख्यान दिल्याबद्दल झाली. स्पेनमध्ये १९३६ साली अराज्यवादी स्त्रियांनी आपली वेगळी संघटना काढली, कारण चळवळीत मालकशाहीविरुद्ध लढणारे त्यांचे सहकारी घरी मालकासारखेच वागत होते. आपल्याकडे दापोलीजवळच्या मुरुडच्या घराण्यातले र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवताना हाच छळ सोसला आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला आंबेडकर उभे राहिले. कर्वे स्वतःला अराज्यवादी म्हणवत नव्हते, पण बाईच्या शरीरावर सरकार, धर्म आणि नवरा यांपैकी कोणाचीही मालकी नाही, हे मराठीत इतक्या निर्भीडपणे त्यांच्याइतके कोणी लिहिले नाही. आजही कोकणातल्या आंदोलनांत पोलिसांच्या गाडीपुढे आडव्या होतात त्या बायकाच. गावकीच्या बैठकीत मात्र त्यांना बसायला जागा नसते.

म्हणून अग्रलेखातल्या मूळ प्रश्नाकडे, सनदशीर मार्ग खुले आहेत का या प्रश्नाकडे, मी गांभीर्याने पाहतो. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राविषयी शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले, तेव्हा लोक रांगा लावून उभे राहिले. मार्ग उघडला की माणसे त्या मार्गाने जातात, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा? पण तो मार्ग एकदाच उघडला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. औद्योगिक विकासाच्या १९६१ च्या राज्य कायद्याने जमीन घेतली की तशी संमती लागत नाही. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी गावांनी ग्रामसभांत विरोधाचे ठराव केले, त्या ठरावांना कायद्याने कोणते बळ होते? ग्रामसभेला होकाराचा आणि नकाराचा दोन्ही अधिकार मिळाला पाहिजे, आणि तो मिळण्यासाठी ग्रामसभेनेही आपले घर आधी नीट केले पाहिजे. महिलांची स्वतंत्र सभा आधी घेण्याची कायद्यात तरतूद आहे, ती रजिस्टरात सह्या गोळा करून उरकली जाते. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि मग तहकूब सभेला ती अट नसल्याचा फायदा घेऊन चार मानकऱ्यांनी ठराव लिहून टाकायचा, हा प्रकार मी अनेक गावांत पाहिला आहे. वाड्यावस्त्यांवर, कातकरीवाडीत, बौद्धवाडीत आधी बैठका होऊन तिथले म्हणणे लेखी आल्याशिवाय कोणताही ठराव संमत झाला असे धरू नये, असा नियम गावे स्वतःहून आजही करू शकतात. त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा नेमकी आहे. प्रकल्पांच्या बातम्या देताना संबंधित ग्रामसभांचे ठराव पूर्ण छापावेत, आणि त्या सभांना किती स्त्रिया होत्या व कोणत्या वाड्यांतले लोक हजर होते, तेही छापावे. वाळीत टाकण्याचे गुन्हे जिल्हापानाच्या कोपऱ्यात न टाकता त्यांना आंदोलनांइतकीच जागा द्यावी आणि त्या खटल्यांचे पुढे काय झाले, याचा पाठपुरावा करावा. १ मे रोजी ग्रामसभा भरतात. त्याच्या आदल्या आठवड्यात ही माहिती वाचकांच्या हाती पडली, तर त्या सभांत प्रश्न विचारायला उठणाऱ्यांना तिचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. अलिबाग, जि. रायगड